खोडलेले नाव

यादी ही वस्तू दिसावयास मोठी साधी असते. कागदाचा एक तुकडा, त्यावर एकाखाली एक लिहिलेली काही नावे आणि शेवटी कोणाची तरी सही. परंतु आंतरशालेय सामन्यांसाठी निवडलेल्या मुलांची यादी शाळेच्या फलकावर लागते, तेव्हा त्या कागदापुढे किती जणांची छाती धडधडत असते, हे तुम्हांला मी सांगावयास नको. ज्याचे नाव यादीत असते, तो उड्या मारीत मैदानाकडे धावतो. ज्याचे नाव कधीच नव्हते, तो पुढील वर्षाची वाट पाहतो. सर्वांत अवघड स्थिती असते ती तिसऱ्याची. त्याचे नाव गेल्या वर्षी यादीत होते. यंदा ते नाही. तो फलकापुढे थोडा वेळ उभा राहतो, सारी नावे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचतो आणि कोणाशी काही न बोलता निघून जातो. आज मला बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या मुलाविषयी.

दूर ऑस्ट्रेलिया देशात फुटबॉलचा एक निराळाच प्रकार खेळतात. त्याचे मैदान लंबगोल असते, प्रत्येक बाजूने अठरा खेळाडू उतरतात आणि चेंडूला पायाप्रमाणे हातही लावता येतो. तेथील मोठ्या स्पर्धेतील प्रत्येक संघाजवळ आपल्या खेळाडूंची एक मर्यादित यादी असते. हंगाम संपला की त्या यादीची उजळणी होते आणि नव्या मुलांना जागा करून देण्यासाठी काही जुनी नावे खोडली जातात. खेळ हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या दिवशी उभा राहतो. तरीही तेथील नियमांत एक शहाणपण आहे. खोडलेल्या खेळाडूला दुसरा एखादा संघ, किंवा कधी कधी तोच संघ, पुन्हा आपल्या यादीत घेऊ शकतो. यादीतून नाव गेले म्हणजे खेळातून माणूस गेला, असे तेथे समजत नाहीत.

हे शहाणपण आपणही अंगी बाणविले पाहिजे, असे मला वाटते. नाव खोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याने ते नाव पुन्हा लिहिण्याची वाटही मोकळी ठेवली पाहिजे. आणि ज्याचे नाव खोडले गेले, त्याने त्या वाटेवर चालण्याचे बळ टिकवून धरले पाहिजे. या दोन्ही गोष्टी जुळून येतात, तेव्हाच दुसऱ्या संधीचे सोने होते. हे माझे मत मी एका उदाहरणाने स्पष्ट करतो.

आपल्या नाशिकहून पुण्याकडे निघाले की वाटेत संगमनेर लागते. त्या तालुक्यातील आश्वी खुर्द या गावी १९८८ साली अजिंक्य रहाणे यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण डोंबिवलीत गेले आणि क्रिकेटचे शिक्षण मुंबईत झाले. २०१३ साली ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे भारताचा सबंध डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला आणि नियमित कर्णधार विराट कोहली हे मायदेशी परतले, तेव्हा संघाची धुरा रहाणे यांच्याकडे आली. ज्या मेलबर्नच्या मैदानावर वर सांगितलेल्या फुटबॉलचा अंतिम सामना बहुधा भरतो, त्याच मैदानावर त्यांनी ११२ धावा केल्या आणि भारताने सामना जिंकला. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनचा सामनाही भारताने जिंकला आणि मालिका २-१ अशी आपल्याकडे आली. त्या दिवशी सारा देश आनंदाने नाचत होता.

या विजयानंतर बरोबर एक वर्षाने काय झाले? जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सामने झाले. रहाणे यांच्या धावा बऱ्याच दिवसांपासून आटल्या होत्या. त्या मालिकेनंतर ते कसोटी संघातून वगळले गेले. एका वर्षापूर्वी ज्यांची मिरवणूक निघाली, त्यांना संघात जागा उरली नाही. मुलांनो, हे निष्ठुर वाटेल, परंतु अन्याय्य म्हणता येणार नाही. संघात जागा अकराच असतात. कालच्या पराक्रमाबद्दल आदर जरूर ठेवावा. पण आजच्या सामन्यात धावा आजच काढाव्या लागतात.

आता खरी कसोटी सुरू झाली. मोठ्या मैदानावरून उतरलेला माणूस दोन रीतींनी वागू शकतो. तो आपल्या जुन्या शतकांच्या आठवणी सांगत बसू शकतो, किंवा लहान मैदानावर जाऊन पुन्हा पहिल्या धावेपासून आरंभ करू शकतो. रहाणे यांनी दुसरी वाट धरली. ते मुंबईसाठी रणजी करंडकाचे सामने खेळू लागले. कसोटीसारखी गर्दी या सामन्यांना नसते आणि वर्तमानपत्रांतही त्यांना थोडी जागा मिळते. त्या २०२२-२३ च्या हंगामात त्यांनी हैदराबादविरुद्ध २०४ आणि आसामविरुद्ध १९१ धावा काढल्या. परंतु धावा निघाल्या म्हणून दार लगेच उघडले, असे मात्र नव्हे. मार्च २०२३ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने ज्या खेळाडूंशी वार्षिक करार करावयाचा त्यांची यादी जाहीर केली. त्या यादीत रहाणे यांचे नाव नव्हते. आधी संघातून नाव गेले होते, आता करारातूनही गेले.

कष्ट केले आणि तरीही फळ मिळाले नाही, हा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. बहुतेक माणसे याच ठिकाणी हातपाय गाळतात. रहाणे खेळत राहिले. आयपीएलच्या लिलावात चेन्नईच्या संघाने त्यांना ५० लाख रुपयांच्या मूळ किमतीला घेतले होते. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी चढी बोली लावली नव्हती. ८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्यांना त्या संघाकडून प्रथमच खेळण्याची संधी मिळाली आणि २७ चेंडूंत त्यांनी ६१ धावा केल्या. इकडे श्रेयस अय्यर पाठीच्या दुखण्यामुळे खेळू शकत नव्हते. संघाला अनुभवी फलंदाज हवा होता. एप्रिल संपण्यापूर्वीच कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी रहाणे यांची निवड झाली.

येथे कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मिळालेली ही संधी म्हणजे निव्वळ नशीब होय. नशिबाचा भाग मी नाकारीत नाही. संधी केव्हा यावी, हे आपल्या हाती नसते. परंतु ती येईल तेव्हा आपली बॅट गंजलेली असावी की तळपत असावी, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. दीड वर्षात रहाणे यांनी सराव सोडला असता, तर निवड समितीला त्यांचे नाव आठवलेही नसते.

तो अंतिम सामना जून २०२३ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला. समोर पुन्हा ऑस्ट्रेलियाच होता. त्यांच्या ४६९ धावांना उत्तर देताना ७१ धावांत भारताचे चार गडी बाद झाले होते. वेगवान चेंडू बोटावर बसून रहाणे यांचे बोट सुजले, तरी ते खेळत राहिले. पालघरच्या शार्दूल ठाकूर यांच्यासह त्यांनी १०९ धावांची भागीदारी केली आणि स्वतः ८९ धावा काढल्या. दुसऱ्या डावात त्यांनी ४६ धावा केल्या. भारताने तो सामना २०९ धावांनी गमावला. परंतु खोडलेले नाव पुन्हा लिहिण्यात निवड समितीची चूक झाली नव्हती, हे सर्वांना दिसले.

गोष्ट येथेच थांबविली असती, तर ती ऐकावयास अधिक गोड लागली असती. परंतु गोड गोष्टीपेक्षा खरी गोष्ट अधिक उपयोगी पडते. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर रहाणे उपकर्णधार म्हणून गेले. तेथे त्यांच्या दोन डावांतील धावा ३ आणि ८ अशा होत्या. त्यानंतर ते पुन्हा संघाबाहेर गेले. म्हणजे दुसरी संधी फुकट गेली काय? मला तसे वाटत नाही. ते पुन्हा मुंबईच्या संघात परतले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून रणजी करंडक ४२ व्या वेळी जिंकला. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्यांनी ७३ धावा केल्या. दुसरी संधी यशाची हमी देत नाही. ती फक्त पुन्हा प्रयत्न करू देते. पण ज्याने प्रयत्नाची सवय लावून घेतली, त्याला तेवढेही पुष्कळ होते.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, ‘एकदा ज्याला संधी मिळाली, त्यालाच पुन्हा द्यावयाची, तर ज्याला ती एकदाही मिळाली नाही, त्याने काय करावे?’ हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच दुसरी संधी म्हणजे राखून ठेवलेली जागा नव्हे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे आईवडील काम करतात, त्यांनी पुढील गोष्ट घरी विचारून पाहावी. लेथवर तयार झालेला शाफ्ट तपासणीसाठी जातो. मायक्रोमीटरने मोजल्यावर त्याची जाडी ठरलेल्या मापापेक्षा किंचित अधिक भरली, तर तो पुन्हा लेथवर चढवितात आणि मापात आणतात. मग त्याची तपासणी पुन्हा होते. या दुसऱ्या वेळी तपासनीस आपले माप सैल करीत नाही. जो शाफ्ट पहिल्या खेपेस मापात उतरला आणि जो दुसऱ्या खेपेस उतरला, त्या दोघांचे माप एकच असते आणि दोघेही यंत्रात सारखेच फिरतात. माणसाच्या बाबतीतही दुसरी संधी अशीच असावी. पुन्हा मोजून पाहावे, पण माप तेच ठेवावे. तसे केले म्हणजे नव्या मुलावर अन्याय होत नाही आणि जुन्यावरही होत नाही.

मात्र माणूस आणि शाफ्ट यांत एक मोठा भेद आहे. शाफ्टची जाडी मापापेक्षा कमी भरली, तर तो भंगारात जातो. कारण कापून गेलेले लोखंड पुन्हा जोडून घेण्यात अर्थ नसतो. माणसाचे तसे नाही. त्याच्या अंगी जे कमी असते, ते तो पुढे मिळवू शकतो. म्हणून कारखान्यात भंगाराचा ढीग असणे रास्त आहे. शाळेत तो असू नये.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. खेळात कमी पडला त्याला संधी द्यावी, हे ठीक. परंतु जो वागण्यात चुकला, त्याचे काय? याबाबत पुन्हा रहाणे यांचेच एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये, ते स्वतः भारतीय संघाबाहेर असताना, दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचे नेतृत्व करीत होते. त्यांच्या संघातील यशस्वी जयस्वाल हे त्या वेळी वीस वर्षांचे होते. ते समोरच्या फलंदाजाला उद्देशून वारंवार शेरे मारू लागले. समज देऊनही ते थांबले नाहीत, तेव्हा रहाणे यांनी आपल्याच त्या खेळाडूला मैदानाबाहेर पाठविले. याच जयस्वाल यांनी त्या सामन्यात २६५ धावांचा डोंगर उभारला होता. तरीही कर्णधाराने भीड ठेवली नाही. परंतु काही षटकांनंतर जयस्वाल यांना मैदानावर परत येऊ दिले. पुढे जुलै २०२३ मध्ये जयस्वाल आपला पहिला कसोटी सामना खेळले आणि त्यांनी १७१ धावा केल्या. त्या संघाचे उपकर्णधार रहाणे होते. शिक्षा चुकीएवढीच असावी, आणि ती संपली म्हणजे खरोखर संपावी, याचा हा उत्तम पाठ आहे.

कधी कधी तर चूक झाली की नाही, याविषयीच वाद असतो. अशा वेळी नाव खोडणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. आपल्याच जिल्ह्यातील दत्तू भोकनळ यांची हकिकत पाहा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. दुष्काळी भागात वाढलेला आणि वडिलांबरोबर विहिरी खणण्याचे कष्ट केलेला हा तरुण २०१२ साली सैन्यात गेला, आणि तेथे नौकानयन शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवावयाच्या शर्यतीत ते तेरावे आले. २३ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र याच प्रकारच्या अंतिम शर्यतीत ते सर्वांत मागे राहिले. त्यांच्या अंगात ताप होता. दुसऱ्याच दिवशी चौघांनी मिळून वल्हवावयाची शर्यत होती. त्या नावेत भोकनळ बसले आणि स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. एका रात्रीच्या अंतराने आलेली दुसरी संधी त्यांनी अशी सार्थ केली.

पण पुढे २०१९ मध्ये, आदल्या दिवशीच्या शर्यतीत त्यांनी जाणूनबुजून वल्हविणे थांबविले, असा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आपण आजारी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जानेवारी २०२० मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच, महासंघाने ती बंदी उठविली आणि त्याच वर्षी भोकनळ यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घेतलेल्या निर्णयाचा फेरविचार करण्यात कमीपणा नसतो, हे या घटनेवरून शिकावे. त्याबरोबरच हेही ध्यानात ठेवावे की, पुढे टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये भोकनळ उतरले नाहीत. खेळाडूच्या आयुष्यातील वर्षे मोजकी असतात. खोडलेले नाव पुन्हा लिहिता येते. मधली वर्षे परत देता येत नाहीत. म्हणूनच नाव खोडणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे.

हा विचार खेळापुरताच नाही. दहावीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना पूर्वी पुढील परीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि तोवर अकरावीचे वर्ग पुष्कळ पुढे गेलेले असत. २०१५ पासून राज्य मंडळाने निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा घेण्यास आरंभ केला. त्यामुळे त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे वर्ष वाचू लागले. विषय तेच, उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच. बदलली ती फक्त वाट पाहण्याची मुदत. अशा एका बदलाने किती घरांतील रडणे थांबले असेल, याची कल्पना ज्याने निकालाच्या दिवशी शाळेत काम केले आहे, त्यालाच येईल.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण आज वर्गाचे प्रतिनिधी असतील, काही जण संघाचे कर्णधार असतील. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी कारखान्यात माणसे नेमील, कोणी शाळेत शिकवील, कोणी निवड समितीत बसेल. तुमच्या हाती यादी येईल. त्या वेळी नाव खोडावे लागले, तर जरूर खोडा. भिडेपोटी किंवा दयेपोटी चुकीचे नाव यादीत ठेवू नका. पण ज्याचे नाव खोडले, त्याला बाजूला बोलावून दोन गोष्टी अवश्य सांगा. तो कोठे कमी पडला हे सांगा, आणि पुढची चाचणी कधी आहे तेही सांगा. कारण न सांगता बंद केलेले दार माणसाला आतून मोडते.

आणि तुमचेच नाव कधी यादीतून गेले, तर रागावून बॅट फेकू नका, किंवा ज्याला तुमची जागा मिळाली त्याचा हेवाही करू नका. त्या संध्याकाळी वाईट वाटेल, ते वाटू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळी मैदानावर जा. तेथे कदाचित तुम्हांला पाहणारे कोणी नसेल, टाळ्याही वाजणार नाहीत. पण पुढची यादी लिहिली जाईल, तेव्हा तुमचे नाव तिच्यात असण्याजोगे करून ठेवण्याचे काम त्याच दिवशी सुरू होते.